शीव ओलांडलेलं प्रेत

पोलीस खात्यात उभी हयात गेली असं सांगितलं की लोक खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "वेषांतर करून कधी खुनी पकडला का हो?" वेषांतर मी एकदाच केलं. डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, अशा थाटात मेंढपाळ होऊन नंदुरबारच्या बाजारात शिरलो. पहिल्याच चहाच्या दुकानातला मालक म्हणाला, "या जमादार, आज बी बिगर साखरनाच ना?" तेव्हापासून तो नाद सोडला.

आमचा खरा तपास म्हणजे पायी चालणं, आणि माणूस बोलेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहणं. यातलं दुसरं काम मला बरं जमायचं. बायको म्हणायची, या माणसाला ओट्यावर बसवलं तर ओटा उठून जाईल, पण हा उठणार नाही. खुनाची बरीच प्रकरणं माझ्या हाताखालून गेली. काहींत फाशी झाली, काहींत आरोपी सुटले, एकदोन अजून उलगडलेली नाहीत. त्या सगळ्यांचा पाढा वाचत बसत नाही. एकच प्रकरण सांगतो, कारण खात्यात नव्यानं येणाऱ्या शिपायांना मी निवृत्त होईपर्यंत तेच सांगत आलो. गावांची आणि माणसांची नावं बदलली आहेत. ज्यांना ओळखायची ते ओळखतीलच.

हा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा आणि आमची मोठी कचेरी धुळ्याला असे. मी शहाद्याच्या ठाण्यावर जमादार होतो. शहाद्यापासून सातपुड्याच्या बाजूला निघालं की एका नाल्याच्या दोन अंगांना दोन गावं लागतात. अलीकडचं आंबापूर, पलीकडचं बोरटेक. नाला हीच दोघांची शीव. पावसाळा सोडला तर त्यात पाणी बेताचंच, बाकी वाळू आणि गाळ. थंडीत कापूस वेचणीला डोंगरातले पावरा आदिवासी खाली उतरायचे, आणि कुणाच्या तरी बांधावर झोपड्या टाकून हंगामभर राहायचे.

पुढचं समजायला जागल्या म्हणजे कोण हे ठाऊक असायला हवं. प्रत्येक गावाला एक राखणदार असे, तो बहुतेक भिल्ल समाजातला. बापामागून लेक अशी ती जागलकी चालायची. गावाची राखण करायची आणि चोरी झाली, खून झाला की माग काढायचा, म्हणजे पावलांच्या खुणांवरून माणसाच्या मागे जायचं, हे त्याचं काम. रीत अशी की माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन जागल्यानं तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. त्यानं तो पुढे न्यायचा. ज्या गावाच्या हद्दीत माग संपला, त्या गावानं जबाब द्यायचा. कायद्याच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, आमच्या खात्याची वहिवाट हीच होती.

आणि जबाब द्यायचा म्हणजे नुसतं बोलायचं नव्हतं. ज्या शिवारात प्रेत सापडलं तिथं पोलिसांचा तळ पडायचा. मग पोलिसांना कोंबड्या गावानं द्यायच्या, घोड्यांना कडबा गावानं द्यायचा, सामान वाहायला माणसं गावानं द्यायची. आणि खुनी सापडेना म्हणून साहेबाची चिडचिड झाली की मारही गावानंच खायचा. मीही त्या पंगतीला बसलेलो आहे. तेव्हा ते कुणाला वावगं वाटत नसे.

तर त्या वर्षी वेचणी जोरात असताना बोरटेकच्या शिवारात, नाल्याच्या काठावर, नथ्थू मुकादमाचं प्रेत सापडलं. हा नथ्थू डोंगरातून मजूर आणून शेतकऱ्यांना पुरवायचा. तोंडानं शिवराळ आणि हात उचलायला मोकळा. प्रेत पालथं पडलेलं होतं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मोठा घाव होता. जवळच दित्या नावाच्या पावरा मजुराची झोपडी. झोपडीत कुऱ्हाड, कुऱ्हाडीवर रक्त. शिवाय आदल्या बाजारच्या दिवशी शहाद्यात चारचौघांत नथ्थूनं दित्याला मुस्कटात मारली होती, आणि दित्या ओरडून काहीतरी बोलला होता. तो पावरी बोलीत काय बोलला ते कुणालाच कळलं नव्हतं, पण धमकीच दिली असं सांगणारे दहाजण निघाले.

आमचे फौजदारसाहेब कामाला उरकते. दुपारी आले आणि दिवस मावळायच्या आत दित्याच्या हातात बेड्या पडल्या. कुऱ्हाडीवरचं रक्त सशाचं आहे असं दित्या हातवारे करून सांगत होता. सशाचे कान केवढे असतात तेसुद्धा त्यानं डोक्यावर हात धरून दाखवलं. शिपाई हसले. मलाही हसू आलं असतं, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं.

मी रूपलाकडे पाहत होतो. रूपला म्हणजे आंबापूरचा जागल्या. बोरटेकच्या जागल्यानं काढलेला माग नाल्यापर्यंत आला, आता पुढचं पाहा, म्हणून त्याला आंबापूरहून बोलावलं होतं. काळाकभिन्न, ताठ मानेचा, कमालीचा गर्विष्ठ माणूस. सगळ्या तालुक्यात त्याच्यासारखा माग काढणारा नव्हता, आणि हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मागे एका बैलचोरीत आम्ही जागेवर पोहोचलो तेव्हा चुकून माझा बूट एका खुणेवर पडला. त्यानं माझ्या हुद्द्याची पर्वा न करता आईबाप काढले होते. "पाय उचला जमादार, तठे चोर उभा शे!" असं ओरडला होता. तोच रूपला आज नाल्यातल्या ओल्या गाळातून इकडून तिकडे, तिकडून इकडे, निवांत चालत होता. खाली न बघता! शेवटी एका जागी जाऊन उभा राहिला आणि फौजदारसाहेबांना म्हणाला, "माग नही शे, साहेब. काहीच नही."

तो उभा होता तिथून हललाच नाही. आम्ही निघालो तरी तो तिथंच उभा.

दुसऱ्या दिवशी प्रेत शहाद्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घाव पाहिला, डोक्यापासून पायापर्यंत तपासलं आणि सहज म्हणाले, "जमादार, हा सापडला पालथा ना? मग पाठ काळीनिळी कशी?" वाचकांसाठी सांगतो. माणूस मेला की रक्त वाहायचं थांबतं आणि जी बाजू जमिनीला लागलेली असेल तिकडे उतरून बसतं. काही तासांनी तिथला डाग पक्का होतो, मग प्रेत कुशीवर करा नाहीतर पालथं करा, डाग जागा सोडत नाही. म्हणजे नथ्थू मेल्यावर बराच वेळ उताणा पडलेला होता. मग कुणीतरी त्याला उचललं, आणि नव्या जागी टाकताना तो पालथा पडला. त्या जागी मातीत रक्तही जवळजवळ नव्हतं, हे मी पाहिलंच होतं.

मी फौजदारसाहेबांना सांगितलं, "प्रेत हलवलंय. काल रूपला गाळातल्या खुणा तुडवत होता. माझा संशय आंबापूरकरांवर आहे."

"मग? दित्यानंच हलवलं असेल."

"हलवून स्वतःच्या दाराशी टाकलं?"

"डोंगरातला माणूस आहे तो, जमादार. त्याला एवढी अक्कल कुठली?"

मला राग आला. पण साहेब वाईट नव्हते, त्यांच्या डोक्यावर वरच्यांचा तगादा होता, आणि कुऱ्हाड, भांडण, झोपडी हे सगळं हाताशी तयार होतं. ते म्हणाले, "आरोपपत्र धुळ्याला जाईपर्यंत तुम्हाला काय शोधायचं ते शोधा. एकदा ते गेलं की मला काही सांगू नका." आरोपपत्र गेलं असतं तर दित्या फासावर जाणार हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. न्यायालयात त्याच्या बाजूनं बोलायला काय होतं? डोक्यावर हात धरून दाखवलेले सशाचे कान.

मी आंबापूरला एकटा गेलो. रूपलाला त्याच्या झोपडीबाहेर गाठलं आणि आडवळण न घेता विचारलं, "प्रेत कुठून उचललं?"

"कोनतं प्रेत?"

"रूपला, तू काल मागावर उभा होतास."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, पण थोडं दचकून. मग झोपडीच्या आत हाक मारली, "लखा, बाहेर ये." त्याचा धाकटा भाऊ बाहेर आला. त्याचा उजवा हात कोपरापासून वाळलेला होता. रूपला म्हणाला, "मांगे आमना शिवारमा मढं सापडनं, तव्हय तुमना लोके आठे येल व्हतात. याले झाडले बांधीसन मारं. यानी काहीच करेल नव्हतं. खुनी तिसराच निंघना. पन हात काय परत उना नही." एवढं बोलून तो आत गेला.

त्या तळाच्या वेळी मी दुसऱ्या ठाण्यावर होतो, पण पोशाख हाच होता. मी घोड्यावर बसलो. परत येताना वाटेत एवढं मात्र पक्कं झालं की या गावाला धाक दाखवून काही उपयोग नाही. धाकापायीच तर त्यांनी प्रेत उचललं होतं.

धुळ्याच्या कचेरीतले मोठे साहेब तेव्हा नंदुरबारला मुक्कामाला होते. त्यांची गाठ घेतली. प्रेत हलवणाऱ्या गावकऱ्यांवर खटला भरणार नाही असा शब्द मला हवा होता. मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गावकऱ्यांपुरता शब्द देतो. पण पाटील आणि जागल्या ही सरकारी माणसं. सरकारची चाकरी करून पुरावा पुसणाऱ्याला मी ठेवणार नाही." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. पण म्हणजे ज्याच्या तोंडून सगळं यायला हवं, त्याचंच सगळं जाणार होतं.

रूपलाला हे सांगायचं की लपवायचं? लपवलं असतं तर तो लवकर बोलला असता, आणि माझ्या जागी दुसरा एखादा असता तर त्यानं तेच केलं असतं. मी जाऊन सांगितलं. "गावाला काही होणार नाही. पण तू बोललास तर तुझी जागलकी जाईल. पट्टा आणि बिल्ला मलाच काढून घ्यावा लागेल."

"मंग मी कसाले बोलू?"

"नको बोलूस. पण तू बोलेपर्यंत मी इथंच बसणार आहे."

आणि बसलो. चावडीसमोर निंबाचं झाड होतं, त्याच्या पारावर रोज सकाळी घोडं बांधायचं आणि संध्याकाळी सोडायचं. सोबत शिपाई नाही, काठी नाही. फडक्यात घरची भाकरी, ठेचा, कांदा. पहिल्या दिवशी पाटील लगबगीनं आले. गोड बोलणारा, चतुर माणूस. "जमादार, हाई काय? आम्हना गावमा येल आन घरनी भाकर? कोंबडी कापस ना!"

"नको पाटील, पोट बिघडलंय."

दुसऱ्या दिवशी दूध आलं, तिसऱ्या दिवशी अंडी. मी सगळं परत केलं. घोड्याचा कडबासुद्धा मी शहाद्याहून बांधून आणत होतो. गाव चक्रावलं. खाणारा पोलीस कसा सांभाळायचा हे त्यांना ठाऊक होतं, न खाणाऱ्याचं काय करायचं हे कुणालाच सुचेना. बायाबापड्या पाराला वळसा घालून जाऊ लागल्या. घरी आमची मंडळी वैतागली. पहाटे भाकरी थापताना म्हणायची, "आते तठेच ऱ्हावा. खावा बी तठेच आन झोपा बी तठेच. मी भाकरी धाडी दिसू." पण भाकरी मात्र मोजकी कधीच बांधली नाही.

मधूनमधून रूपला समोरून जायचा. कधी न बघता, कधी उगाच थांबून विडी पेटवून. मी काही विचारत नव्हतो. एकदा मात्र तोच म्हणाला, "तुम्ही धरनं धरी बठनात, जमादार." मी म्हटलं, "हो."

इकडे आरोपपत्र तयार होत आलं. फौजदारसाहेबांनी मला ते दाखवलं आणि म्हणाले, "आता पुरे." मी आणखी थोडी मुदत मागितली. त्यांनी कपाळाला हात लावला, पण दिली.

अशात दित्याची बायको खाली उतरली. जमनी तिचं नाव. धडगावच्याही पलीकडच्या पाड्यावरून घाट उतरून ती पायी आली होती. रडणारी बाई नव्हती ती. ठाण्यात जाऊन शिपायांशी भांडली, नवऱ्याला गजाआडून पाहिलं, आणि तिथून तडक आंबापूरला आली. काखेत एक तांबडा कोंबडा, तोही तिच्यासारखाच भांडत होता. पारापाशी येऊन मोडक्यातोडक्या अहिराणीत तिनं विचारलं, "रूपला जागल्या कोन?"

मी काही बोलायच्या आत चावडीच्या ओट्यावर बसलेला रूपला म्हणाला, "मी."

तिनं कोंबडा त्याच्यापुढे ठेवला. म्हणाली, "आमना डोंगरमा लोके तुन्हं नाव सांगतस. पानीमा बी तू माग काढस. मन्हा मालकनी मारं नही. मारनार कोन, तू माग काढ. हाऊ कोंबडा तुले. आखो मांगशी ते हंगाम व्हवावर आनी दिसू."

पाटीलही तिथं होते. ते पटकन म्हणाले, "बाई, तो माग गया. पानी फिरनं त्यावर."

जमनी पाटलांकडे बघायला तयार नव्हती. ती रूपलाकडेच पाहत उभी होती. त्याच्या पायाशी कोंबडा बांधलेल्या पायांनी धडपडत होता. मला तो क्षण आजही सहन होत नाही. साऱ्या मुलखात एकाच माणसावर भरवसा ठेवून ती डोंगर उतरली होती, आणि माग मोडणारा माणूस तोच होता.

रूपलानं खाली वाकून कोंबडा उचलला आणि तिच्या हातात परत दिला. "हाऊ माले नही चालाव," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उठा जमादार. चला."

पाटील ओरडले, "रूपला! गावना इचार कर!"

"गावनाच करा व्हता, पाटील," रूपला चालता चालता म्हणाला.

तो आम्हाला नाल्याकडे नाही, उलट दिशेला घेऊन गेला. आंबापूरच्या अंगाला गाडीवाटेलगत एक बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. तिथं चुलीच्या खड्ड्याजवळ तो थांबला आणि पायानं वरची राख बाजूला केली. खाली माती काळी पडून कडक झाली होती. "आठे व्हता तो. उताना. सकायमा माले दिसना. मी पाटीलले सांगं. पाटील म्हने, पोलीस येवाना आगोदर उचल. आम्ही चौघास्नी उचला आन नाला ओलांडा." मग त्यानं जमनीकडे न बघता तिला सांगितलं, "माग मीच पुसा, बाई."

तिला सगळं कळलं की नाही कोण जाणे. 

मी विचारलं, "पुसायच्या आधी काय होतं?"

आता त्याच्या आवाजात जुना ताठा आला. तो वाकला आणि राखेवर बोटानं आखत सांगू लागला. इथं बैलगाडी उभी होती. शहाद्याकडून आलेली. डाव्या चाकाच्या लोखंडी धावेला सांधा होता, चाक फिरलं की दर फेऱ्याला त्याचा ओरखडा उमटायचा. उजवा बैल मागचा पाय ओढत चालायचा. दोन माणसं उतरली, महूच्या दारूची बाटली इथं फुटली. एक नथ्थू, वहाणा घातलेला. दुसरा अनवाणी, डाव्या टाचेला भेग. अनवाणी माणूस जूपाशी गेला आणि परत आला. त्यानंतर नथ्थूच्या वहाणांची खूण कुठंच नाही. गाडी वळली आणि शहाद्याकडेच परत गेली.

बैलगाड्या तालुक्यात ढिगानं होत्या, पण नथ्थूला घेऊन जाणाऱ्या किती? शहाद्यातल्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी उभं राहून मी आत येणाऱ्या गाड्यांची चाकं पाहत बसलो. लोक म्हणाले, जमादाराचं डोकं फिरलं. मग धुडकू गाडीवानाची गाडी आली. सांधलेली धाव, पाय ओढणारा बैल. गाडीचं जू नीट पाहिलं तर एका बाजूची खुंटी नवी, बाकीच्या जुन्या. गाडीच्या फळ्या धुतलेल्या होत्या, पण दोन फळ्यांच्या फटीत रक्त साकळलेलं होतं. धुडकूला विचारलं, "जुनी खुंटी कुठाय?" तो खाली बसला आणि रडायलाच लागला. दोघं प्यायले होते, नथ्थूनं त्याच्या आईवरून काहीतरी घाण बोलणं काढलं, हाताला आली ती खुंटी त्यानं मारली. मेला हे पाहिल्यावर खुंटी बैलाच्या झुलीत गुंडाळली आणि वाटेतल्या विहिरीत टाकली. विहिरीत गळ टाकून ती काढली.

पुढे धुळ्याला खटला चालला. बचावाच्या वकिलांनी रूपलाला पिंजऱ्यात चांगलंच भाजलं. "तुम्हीच माग पुसलात ना? मग तुमच्या सांगण्यावर कोर्टानं विश्वास का ठेवायचा?"

रूपला म्हणाला, "पुसाना आगोदर वाचना पडस, वकीलसाहेब."

धुडकूला जन्मठेप झाली. पाटलांची पाटिलकी काढली. रूपलाची जागलकी तर तो बोलला तेव्हाच गेली होती; पट्टा आणि बिल्ला घ्यायला मीच गेलो होतो. त्यानं पट्टा स्वतःच्या हातानं सोडून दिला आणि म्हणाला, "धोयेल शे. दुसराले द्या." त्याच्यामागून आलेला जागल्या रामराम चांगला घालायचा, माग काढायला मात्र मला चोरून रूपलाकडेच जावं लागायचं. तो शिव्या घालून यायचा.

या प्रकरणानंतर मी स्वतःशी एक गोष्ट ठरवली. पुढे फौजदार झालो तेव्हा ती माझ्या ठाण्यावर पाळायला लावली. खुनाच्या गावात पोलिसांनी गावाचं अन्न खायचं नाही, कडबा घ्यायचा नाही आणि प्रेत दाखवणाऱ्याला पहिल्या दिवशी कोठडीत घालायचं नाही. शिपायांनी मला भाकरीफौजदार असं नाव ठेवलं. वरच्यांनी विचारलं, याचा तपासाशी काय संबंध? मी सांगायचो, ज्या गावाला आपली भीती वाटते ते गाव पुरावा उचलून शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतं. काहींना पटलं, काहींनी खांदे उडवले. मी माझं चालू ठेवलं.

दित्या सुटला तो दिवस अजून सांगायचा राहिला. धुडकू सापडल्यावर फौजदारसाहेबांनी स्वतः जाऊन सुटकेचा हुकूम आणला, आणि शहाद्याच्या कोठडीचं दार मी उघडलं. दित्या बाहेर आला. जमनीनं त्याचं गाठोडं धरलं होतं. कचेरीच्या आवारात चिंचेखाली रूपला उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कमरेला पट्टा नव्हता, हातात काठीही नव्हती. मार खायच्या तयारीनं आलेला माणूस मला ओळखू येतो. मी मध्ये पडायच्या बेतात होतो, पण दित्यानं हात वर केलाच नाही. जमनीनं त्याला सगळं सांगितलेलं होतं. तो रूपलासमोर जाऊन उभा राहिला आणि एक एक शब्द जुळवत विचारलं:

"नाल्यापलीकडे एवढं रान. मन्हाच दारशी कसाले?"

रूपलानं जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दुसरास्ना दारशी टाकतूत ते त्यास्ना भाऊबंद उभा ऱ्हातात. तुन्हं आठे कोनीच नव्हतं."

दित्यानं मान हलवली. राग नाही, आश्चर्य नाही. त्याला हे उत्तर आधीच ठाऊक असावं. त्यानं बायकोकडून गाठोडं घेतलं आणि दोघं डोंगराच्या वाटेला लागली.

जाताना तो माझ्या अगदी जवळून गेला. अंगावर पोशाख होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. त्यानं तोच प्रश्न मलाही विचारायला हवा होता, की तालुक्यात एवढी माणसं असताना तुम्ही पहिल्याच दिवशी मलाच कसं धरलंत. त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर रूपलानं दिलं त्याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नव्हतं.